पोराकडं कायमचं अमेरिकेत जायलात? आधी म्हातारपणाची सोय अशी बघा

रिटायर झालेले मित्र मला काय विचारायलेत तर विमानतळावर व्हीलचेअर मिळती का, लोणचं बॅगेत चालतं का. उद्या संडासला उठता आलं नाही तर तिकडं कोण उठवणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे एकानंबी विचारलं नाही. मीपण विचारलं नव्हतं. आमचे साडू, परभणीचे, झेडपीतून रिटायर, ग्रीन कार्डावर, म्हणजे कायमचं राहायच्या परवान्यावर, अमेरिकेत न्यू जर्सीला पोराकडं गेले आणि दुसऱ्या हिवाळ्यात बाथरूममधी पडून खुबा मोडला. मी तवा तिथंच मुलीकडं होतो, मग त्यांच्या पोरासंगं दोन-तीन महिने हेच हुडकत फिरलो.

पहिलं पैशाचं. सगळ्यांना वाटतं पासष्टीनंतर मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा हाय, सरकार बघतंय. तसं नाही. तुम्ही किंवा तुमच्या जोडीदारानं तिकडं दहा वर्षं नोकरी केलेली नसेल तर ग्रीन कार्डवाल्याला सलग पाच वर्षं तिथं राहिल्याशिवाय मेडिकेअर घेता येत नाही, आणि घेतलं तरी फुकट नाही, 2025 साली पार्ट ए (दवाखान्यात ॲडमिट झाल्याचा भाग) चे महिन्याला 518 डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टर-तपासण्यांचा भाग) चे 185 डॉलर हप्ते होते. एवढं भरूनबी मेडिकेअर दवाखान्याचं बघतं, आंघोळ घालायला, कपडे घालायला लागणाऱ्या रोजच्या माणसाचं नाही. दवाखान्यात तीन दिवस ॲडमिट होऊन मग नर्सिंग होममधी (तिकडं हे आपल्यासारखं छोटं हॉस्पिटल नाही, चोवीस तास नर्सची देखभाल असलेली राहायची जागा) गेलात तर जास्तीत जास्त शंभर दिवस, तेबी एकविसाव्या दिवसापासून आपला वाटा भरून. साडूंचा तर साधा प्रायव्हेट इन्शुरन्स होता, त्यानं काही दिवस रिहॅबचे, म्हणजे पडल्यावर परत चालायला शिकवणाऱ्या सेंटरचे, दिले आन् हात वर केले.

असिस्टेड लिव्हिंग म्हणजे आपली खोली आपली, जेवण-गोळ्या-आंघोळीला मदत त्यांची, त्याला महिन्याला पाच-सहा हजार डॉलर धरून चाला, नर्सिंग होम त्याच्याहून बरंच महाग. इकडची चाळीस हजार पेन्शन म्हणजे पाचशे डॉलरबी होत नाहीत, तवा हा खर्च पोरगं-सून झेपवू शकतात का हे तिकीट काढायच्या आधी, सुनेला समोर बसवून, स्पष्ट बोला. लाजायचं काम नाही.

आता हुडकायचं कसं. नेटवर फुकट जागा शोधून देतो म्हणणारे लई फोन करतात, त्यांना कमिशन त्या होमकडून मिळतं म्हणून ते त्यांचीच होमं दाखवतात, ऐका पण तेवढ्यावर थांबू नका. बहुतेक भागात ज्येष्ठांसाठी एरिया एजन्सी ऑन एजिंग म्हणून ऑफिस असतं, तिथं फुकट यादी मिळती. नर्सिंग होमला मेडिकेअरच्या वेबसाइटवर एक ते पाच स्टार दिलेले असतात, असिस्टेड लिव्हिंगला मात्र ते नाहीत, त्याचं लायसन आणि तपासणीचे रिपोर्ट त्या त्या राज्याकडं बघायचे. तक्रारी ऐकणारा ओम्बड्समन प्रत्येक राज्यात असतो, त्यालाबी फोन लावा. आणि आपण नांदेडचे, गुरुद्वारा आपल्याला काही नवा नाही, न्यू जर्सीतल्या गुरुद्वाऱ्यात लंगरात बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर कोणतं होम कसं हे आम्हाला कुठल्याबी वेबसाइटपेक्षा लवकर कळालं.

बघायला जाल तर जेवणाच्या वेळेला जा, आणि दुसऱ्यांदा न सांगता रविवारी संध्याकाळी. वास घ्या. कोणाची बेल वाजली तर किती वेळानं माणूस येतो ते घड्याळात बघा. रात्री किती लोकांमागं किती माणसं असतात ते विचारा. करारात बघायचं ते असं, सुरुवातीला घेतलेले पैसे परत मिळतात का, दरवर्षी भाडं किती वाढतं, आणि तब्येत अजून बिघडली तर ठेवणार का जा म्हणणार. हा शेवटचा प्रश्न आम्ही एका ठिकाणी विचारला तर ती बाई विषयच बदलायली, तिथून उठलो.

व्हेजिटेरियन हाय का विचारलं की सगळे यस म्हणतात, पण अंडं त्यांच्या हिशोबानं व्हेज, सूप कोंबडीच्या पाण्यातलं. आणि बोली. साडू रात्री ग्लानीत फक्त मराठी बोलायचे, नर्सला काय कळणार. मग पोरानं एक कार्ड करून पलंगाला अडकवलं, पाणी, लघवी, दुखायलंय, थंडी वाजायली, असे वीसेक शब्द इंग्रजी अक्षरात आणि समोर अर्थ. ते आजच करून ठेवा. साडू शेवटी असिस्टेड लिव्हिंगमधी गेलेच नाहीत, घरी दिवसा चार तास बाई आणि तीन दिवस गुजराती लोकांचं अ‍ॅडल्ट डे केअर, व्हॅन घ्यायला येती, खिचडी मिळती, पत्ते खेळतात. भाकरीची आठवण काढतात ते वेगळं.

कॅनडाच्या सुपर व्हिसावर (तिथं राहणाऱ्यांच्या आई-बापासाठीचा व्हिसा) एका वेळी पाच वर्षं राहता येतं पण निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स आपल्याच खिशातून, तिथलं सरकारी हेल्थ कार्ड मिळत नाही.

निघायच्या आधी शेत विकू नका. परदेशी राहायला गेल्यावर असलेली शेतजमीन ठेवता येती, नवी विकत घेता येत नाही, म्हणून सातबारा राहू द्या, बटईनं द्या. नांदेडचं घरबी राहू द्या, वरचा मजला भाड्यानं, खालचा आपला, परत यावं वाटलं तर जिना नको. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला तिकडून कसा द्यायचा ते पेन्शनच्या बँकेत विचारून घ्या. आणि गोळ्यांची यादी कंपनीच्या नावानं नको, डॉक्टरकडून औषधाच्या मूळ नावानं, इंग्रजीत लिहून घ्या. आमचे साडू दुखायलं की पॅरासिटामॉल मागायचे आणि नर्स नुसती बघत राहायची, तिकडं त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात हे कळायला आम्हाला दोन दिवस लागले.