गेमची गाइड छापताय? मग या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी एखादा पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात येतो. खजुरी बाजारात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं मांडून छापायचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, स्मरणिका हे रोजचं. पण आवडत्या गेमची गाइड, म्हणजे नकाशे आणि युक्त्यांचं पुस्तक, छापायचं खूळ इंदूरच्या पोरांत शिरलंय, आणि मी एकेकाळी गेम पार्लर चालवायचो हे त्यांना कुणीतरी सांगितलंय. "काका, फाइल रेडी आहे, बस प्रिंट काढायचीय." रेडी फाइल मी आजवर पाहिलेली नाही. बहुतेक वेळा फक्त कव्हर रेडी असतं.

छापील गाइडचा जमाना संपला म्हणतात. अशा गाइड छापणाऱ्या प्रीमा गेम्स कंपनीनं २०१८ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, हे खरं. पण मोबाइलवरचा व्हिडिओ मागे-पुढे सरकवायला एक हात मोकळा लागतो, आणि खेळणाऱ्याचे दोन्ही हात कंट्रोलरवर असतात. तो सतरंजीवर बसलाय, पुस्तक गुडघ्याशी उघडं पडलंय, गेम पॉज करून तो दोन सेकंद खाली बघणार. हा माणूस डोळ्यांसमोर नसला की पुढच्या सगळ्या चुका होतात.

नकाशा मधल्या घडीवर टाकणे

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा लांबण लावतो.

रामबागेतल्या चार पोरांनी सुपर मारिओ ब्रदर्सची गाइड केली. १९८५ चा गेम, ८ वर्ल्ड, प्रत्येकात ४ टप्पे, म्हणजे ३२ नकाशे. शेवटचा ८-४ हा भुलभुलैया आहे; चुकीच्या वाटेनं गेलात की फिरून तिथंच. त्याचा नकाशा दोन पानांवर आडवा पसरला. स्क्रीनवर काय देखणा दिसत होता! ६४ पानं, परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून चिकटवलेलं), १०० प्रती. दिवाळीच्या कार्यक्रमात पोरांनी टेबल लावलं, तीसेक प्रती विकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दहा वर्षांची एक मुलगी आजोबांचा हात धरून दुकानात हजर. "काका, तुमच्या पुस्तकात पाइपच नाहीये."

खरंच नव्हता. बाइंडिंगमध्ये मधली बोटभर जागा गेली होती आणि नेमका जायचा पाइप तिथंच होता. मी पुस्तक दाबून उघडायला गेलो तर पाठीचा गोंद तडकला आणि चार पानं हातात आली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त चष्म्यावरून बघत राहिले.

मग हरवलेल्या तुकड्याची चिठ्ठी छापली आणि उरलेल्या प्रतींत रात्री दोनपर्यंत बसून चिकटवली. पोरं साडेअकरालाच सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला पळाली होती.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा: पानं कमी असतील तर सेंटर पिन (मधोमध दुमडून घडीवर पिना), जास्त असतील तर वायरो (तारेच्या कड्यांचं बाइंडिंग). वायरो गरीब दिसतं अशी पोरांची तक्रार असते. दिसू दे, जमिनीवर सपाट उघडं राहतं ना! सेंटर पिनला पानं ४ च्या पटीत लागतात, हे दर वेळी सांगावं लागतं. मारिओसारखा लांबलचक टप्पा असेल तर त्याच्या पट्ट्या कापून ओळींसारख्या एकाखाली एक लावा. वरच्या पट्टीचा शेवटचा पाइप खालच्या पट्टीच्या सुरुवातीला पुन्हा दाखवा, म्हणजे डोळा चुकत नाही.

न खेळता लिहिणे

याचा मला खरा राग येतो. एकानं कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमची पुस्तिका आणली. मलपृष्ठावर मोठ्या अक्षरांत ३० जीवांचा कोड: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. कोड बरोबर आहे. कोनामी कंपनीनं तो १९८६ च्या ग्रेडियस गेममध्ये वापरला होता, कॉन्ट्रात तो गाजला. मी विचारलं, दोघं खेळणार असतील तर? पोरगा गप्प. दोघांसाठी स्टार्टच्या आधी सिलेक्ट दाबावं लागतं. पार्लरमध्ये रोज पन्नासदा हे भांडण मी सोडवलंय, कारण दाबणारा नेहमी घाईत असायचा. "भिया, तू हा कोड टाकून बघितलास का?" "काका, नेटवर सगळीकडे हाच आहे."

सगळीकडे हाच असेल, तर तुझं पुस्तक कशाला घ्यायचं? त्यातून आपल्याकडच्या कॅसेटी म्हणजे '९९९९ इन १'वाल्या. एकच गेम चार नावांनी, कुठं सुरुवातच तिसऱ्या टप्प्यापासून. कुठल्या कॅसेटवर, कुठल्या मशीनवर खेळून बघितलं हे पहिल्या पानावर लिहा. नव्या गेमला तर आवृत्तीचा क्रमांक हवाच. मोठ्या कंपन्यांच्या गाइडही गेम बाजारात यायच्या आधी छापायला जायच्या, मग पहिल्याच दिवशी अपडेट यायचं आणि शस्त्रांचे आकडे पुस्तकात वेगळे, गेममध्ये वेगळे. म्हणून आकडे कमी द्या. बॉस हात उचलतो तेव्हा डावीकडे पळा, हे सहसा बदलत नाही.

क्यूआर कोड

पुस्तकात कोड छापून पुढचं नेटवर वाचायला लावणं? नको. २००० साली फायनल फँटसी ९ च्या अधिकृत गाइडनं हाच उद्योग केला होता. पैसे मोजून पुस्तक घ्यायचं आणि आत जागोजागी हा शब्द वेबसाइटवर टाका, पुढचं तिथं वाचा. लोक अजून शिव्या घालतात. याउलट १९९५ ला अमेरिकेत अर्थबाउंड हा गेम आला तेव्हा गाइड गेमच्या खोक्यातच दिली होती, वर खरवडून वास घ्यायची कार्डं. अशा पुस्तकावर जीव जडतो.

बाकी किरकोळ, पण रोजच्या

मारिओवाल्या जुन्या गेम मशीनचं चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचं. छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते इंचभरही भरत नाही. मोठं करायचं तर दुप्पट, तिप्पट, चौपट असं पूर्ण पटीत करा आणि स्मूदिंग बंद ठेवा, नाहीतर मारिओ तूप वितळल्यासारखा दिसतो.

गुहेतली, रात्रीची चित्रं उजळ करून द्या. मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचकाकीच्या कागदावर, शाई पसरते आणि सगळं काळं ठिक्कर होतं.

चकचकीत आर्ट पेपर ट्यूबलाइटखाली आरसा होतो. मॅट घ्या.

शेवटच्या खलनायकाचं नाव अनुक्रमणिकेत घालणाऱ्याला मी चहा पाजत नाही. ऐंशीच्या दशकात इन्फोकॉम ही गेम कंपनी कोड्यांची उत्तरं अदृश्य शाईत छापायची. मार्कर फिरवाल तेवढंच दिसायचं. आपल्याला ते परवडणार नाही, पण आधी इशारा आणि उत्तर पान उलटल्यावर, एवढं फुकटात होतं.

शस्त्रांची यादी अकारविल्हे लावू नका, गेमच्या मेन्यूत ज्या क्रमानं दिसतात तशीच लावा.

आणि डमी, म्हणजे छापण्याआधीचा कच्चा नमुना. साधे कोरे कागद दुमडायचे, पिन मारायची, पेन्सिलीनं नकाशे काढायचे. मग गेम न खेळलेल्या धाकट्या बहिणीला टीव्हीसमोर बसवायचं, डमी तिच्या पायाशी ठेवायची आणि आपण तोंड बंद ठेवायचं. ती वाकली, पुस्तक हातात उचललं किंवा "दादा, हे काय?" म्हणाली, की त्या पानावर खूण. यात दोन रविवार जातात, आणि नेमके तेवढेच कुणाकडे नसतात. मागच्या आठवड्यात एकाला डमी आण म्हटलं, तर तो दुसरीकडून छापून आला आणि मला भेट म्हणून एक प्रत देऊन गेला. कव्हरवर सोनेरी फॉइल आहे. नकाशा मधल्या घडीत.