बॅकरॅटच्या टेबलावर बसायच्या आधी हाउस एज बघा
पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर जाताय? मग आधी टेबलावर छापलेले रेट वाचा, पत्ते नंतर. बॅकरॅट म्हणजे बँकर आणि प्लेअर या दोन बाजूंपैकी कोण जिंकेल यावर पैसे लावायचा पत्त्यांचा खेळ, आणि हाउस एज म्हणजे लावलेल्या पैशांतला सरासरी कॅसिनोकडे जाणारा हिस्सा. ८ डेकच्या (पत्त्यांच्या ८ जोडांच्या) साध्या बॅकरॅटमध्ये बँकरवर हाउस एज १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४. बँकर जास्त वेळा जिंकतो म्हणूनच ५ टक्के कमिशन कापतात, हजार लावून जिंकलात की वर ९५० मिळतात. नो-कमिशन टेबल दिसलं की लोक खूश होतात पण तिथे बँकर ६ गुणांवर जिंकला की हजाराला ५००च देतात, आणि तेवढ्यानेच एज १.४६ वर जाते, म्हणजे कमिशनवालंच टेबल स्वस्त पडतं! टायला (दोन्ही बाजूंची बरोबरी होईल या पैजेला) तर हातच लावू नका, ८ पट दिसतात पण एज १४ टक्क्यांच्या वर. हजाराचे १०० डाव खेळलात तर बँकरवर सरासरी १०६० जातात, टायवर १४ हजार.