नवी लेन्स फोकस नेमका धरते का?
डीएसएलआरवर नवी लेन्स सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरलाच तपासा. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र; ते एफ/८ इतकं लहान केलं की पुढचं-मागचं जास्त स्पष्ट दिसतं आणि फोकसची चूक झाकली जाते. ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद. ५० मिमीच्या लेन्सला अंतर साधारण २ मीटर. छापील मजकुराचा सपाट पुठ्ठा सेन्सरला समांतर उभा करा, शेजारी ४५ अंशांत तिरकी पट्टी, तिचा मधला आकडा पुठ्ठ्याच्या रेषेत.

फोकस पुठ्ठ्यावरच घ्या. पट्टीवर घेतलात तर हमखास फसाल: फोकस पॉइंट दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात मोठा असतो, पुढचा-मागचा कुठलाही आकडा पकडतो. प्रत्येक शॉटआधी रिंग फिरवून फोकस मुद्दाम घालवा. तुलनेला एक शॉट लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर पाहून, थेट सेन्सरवरून फोकस घेत) काढा.

पाच-सहा शॉट एकाच बाजूला चुकले, तरच एएफ फाइन-ट्यून (कॅमेऱ्यातली ऑटोफोकस किंचित पुढे-मागे सरकवायची सेटिंग) कामाचं. फोकस कधी पुढे, कधी मागे जात असेल तर लेन्स सरळ बदलून घ्या.