माळाची माती वाचताना या चुका टाळा

माळरानावर मातीचं वर्गीकरण करायला निघालेल्या बहुतेकांचं उत्तर जीपमध्येच ठरलेलं असतं. "हलकी, मुरमाड, उत्तम निचऱ्याची, लिथिक उस्टॉर्थेंट." हे शेवटचं नाव अमेरिकी माती-वर्गीकरणातलं: उथळ, खाली कठीण खडक असलेली, थर न घडलेली माती. खड्डा घ्यायचा तो फोटोपुरता. सोलापूर, नगर आणि पुण्याचा पूर्व भाग या पट्ट्यात खाली बेसॉल्ट, वर जेमतेम ५००-६०० मिमी पाऊस, त्यावर कुसळी, पवना, मारवेल आणि मेंढरं. इथली बरीच माती खरोखरच तशी निघते, त्यामुळे न बघता लिहिलेलं खपून जातं. ज्या माळावर ती तशी नसते तिथेही तेच नाव चिकटतं आणि पुढे वीस वर्षं कोणी काढत नाही.

पहार वाजली की "खडक लागला" लिहिणं

या चुकीने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवलं आहे.

एका गायरानावर पाणलोटाच्या कामासाठी मातीचा नकाशा केलेला होता आणि तो तपासायला माझ्याकडे आला. काम केलेली पोरं हुशार होती, पण घाईची. माळभर पहार ठोकत फिरायचं, टण्ण वाजलं की खोली लिहायची आणि पुढे निघायचं. सगळीकडे २० ते २५ सेंटिमीटर. अख्खा माळ नकाशावर एकाच रंगात आणि शेरा असा: "खाली अखंड खडक, पाणी मुरण्यास वाव नाही."

मला खटकलं ते गवत. पाऊस संपून दोन-अडीच महिने झाले होते, कुसळी वाळून पिवळी पडली होती, पण मधल्या सपाटीवर मारवेलीचे ठोंब बुडाशी अजून हिरवे. वीतभर मातीखाली खडकाची फरशी असती तर हे दिसलं नसतं. पोरांनी खुणा केलेल्या जागीच खड्डा घ्यायला लावला. कुदळ चालवणारे गावातलेच एक वयस्कर गृहस्थ होते. पहार वाजल्यावर त्यांनी बाजूने माती काढली, पहारेचं टोक खाली घालून तरफ दिली आणि म्हणाले, "सायेब, ह्यो धोंडा हाय. खडक कुठाय?" कलिंगडाएवढा गोल धोंडा गडगडत बाहेर आला.

बेसॉल्ट झिजतो तो कांद्यासारखा, पापुद्र्या-पापुद्र्याने. बाहेरचे पापुद्रे मुरूम होतात आणि मधला टणक गड्डा तसाच राहतो. पहार त्या गड्ड्यावर बसली की आवाज खडकाचाच येतो. आम्ही पुढे खणलं तेव्हा ० ते १६ सेंटिमीटर गडद तपकिरी वरचा थर, १६ ते ३८ बारीक ढेकळांची नीट घडण असलेला दुसरा थर आणि त्याखाली पिवळट मुरूम निघाला. ७० सेंटिमीटरच्या खालीही टिकाव चालत होता. मुरमाच्या भेगांतून गवताची मुळं उतरलेली, भेगांच्या कडांना तपकिरी चिकणमातीचा लेप.

फरक नुसता खोलीचा नाही. लिथिक म्हणायचं तर कठीण, कुदळीला दाद न देणारा खडक ५० सेंटिमीटरच्या आत लागावा लागतो. मऊ मुरूम त्यात बसत नाही. तो पॅरालिथिक: जोर लावला तर खणता येतो आणि मुळं शिरतील अशा भेगा त्यात १० सेंटिमीटर किंवा जास्त अंतरावर असतात. शिवाय तो १६ ते ३८ चा थर १५ सेंटिमीटरपेक्षा जाड होता आणि २५ सेंटिमीटरच्या खाली संपत होता, म्हणजे कँबिक थराच्या, बदल होऊन घडण आलेल्या खालच्या थराच्या, अटी पुऱ्या. तेव्हा ही माती एंटिसॉल (थर न घडलेली) राहिलीच नाही, इन्सेप्टिसॉल (थर घडू लागलेली) झाली. लिथिक उस्टॉर्थेंटच्या जागी हॅप्लुस्टेप्ट, इन्सेप्टिसॉलमधलाच एक गट. एका धोंड्याने वर्गीकरणाची सगळ्यात वरची पायरीच बदलली होती आणि "पाणी मुरण्यास वाव नाही" हा शेराही त्या धोंड्यावरच बेतलेला होता.

माझी सवय अशी: पहार वाजली की हातभर अंतरावर चारी बाजूंनी पुन्हा ठोकायची. सगळीकडे सारखाच टण्ण आला तरी तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, किमान एका जागी टिकाव थकेपर्यंत खणायचं. पहारेने खोली "चाचपता" येते, लिहिता येत नाही. ज्यांना खणायचा कंटाळा आहे त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवर काम करावं, तिथे पाठ दुखत नाही.

कोरडी दिसली म्हणून निचऱ्याची

एप्रिलमध्ये खड्डा घ्यायचा, माती भाजलेली बघायची आणि फॉर्मवर "उत्तम निचरा" भरायचं. एप्रिलमध्ये या भागात तळ्याचा गाळसुद्धा कोरडा असतो!

निचऱ्याचा वर्ग आजच्या ओलीवरून ठरत नाही, पाणी वर्षानुवर्षं मातीत कसं वागलं त्याच्या खुणांवरून ठरतो. पाणी साचून राहत असेल तर लोह विरघळून सरकतं, करडे डाग पडतात, त्यांच्या कडेला गंजाचे ठिपके येतात, लोह-मँगनीजच्या काळ्या गोळ्या जमतात. चांगल्या निचऱ्याच्या मातीत वरच्या मीटरभरात, किंवा मुरूम लागेपर्यंत, असलं काही दिसत नाही. पाणी सहज निघून जातं पण झटकन नाही, पिकाला किंवा गवताला लागेल एवढी ओल मागे राहते. "झटकन नाही" हा भाग लोक विसरतात. नुसत्या भरड मुरमाच्या टेकाडावर पाणी ठरतच नाही. तो अतिनिचऱ्याचा प्रकार, त्याचा रकाना वेगळा आहे.

आणखी एक गफलत याच्या पोटात दडलेली असते. चढावर पावसाचं पाणी वरच्यावर वाहून जातं, त्याला निचरा म्हणत नाहीत. ते मातीत शिरलंच नाही. चराईने तुडवून कडक झालेल्या माळावर तर हे हमखास होतं. अपधाव एका रकान्यात, मातीत पाणी शिरण्याचा वेग दुसऱ्यात, निचरा तिसऱ्यात. काही जण खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात, ते भेगांतून गडप होतं आणि सगळे खूश. उन्हाळ्यात काळ्या रानातही बादली गडप होते. श्रावणात ओतून बघा.

उलटी चूकही होते. काळ्या मातीचा रंग मन्सेलच्या रंग-पुस्तिकेत १० वायआर ३/१ असा आला, क्रोमा (रंगाचा भडकपणा, इथे शेवटचा १) कमी दिसला आणि लगेच "निचरा वाईट" लिहिलं. तो काळेपणा स्मेक्टाइट, म्हणजे फुगणारी-आकसणारी चिकणमाती, आणि सेंद्रिय पदार्थ यांच्या घट्ट जोडीचा असतो. डाग शोधा, सरसकट रंगावर जाऊ नका.

काळी म्हणजे व्हर्टिसॉल, गवताळ म्हणजे मॉलिसॉल

पहिलं गावठी गृहीतक, दुसरं अमेरिकेच्या प्रेअरीवरून, तिथल्या गवताळ मैदानांवरून, उचललेलं. दोन्ही वाईट.

व्हर्टिसॉल म्हणायला उघडमीट करणाऱ्या भेगा हव्यात, ३० टक्क्यांवर चिकणमाती हवी आणि मीटरभराच्या आत किमान २५ सेंटिमीटर जाडीचा असा थर हवा ज्यात एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले चकचकीत पृष्ठभाग किंवा पाचरीच्या आकाराची ढेकळं दिसतात. माळावरच्या खोलगट जागी वीतभर काळी माती आणि तिच्याखाली लगेच मुरूम असेल, तर तिथे हे घडायला जागाच नसते.

मॉलिसॉलचा मोह शिकाऊ मंडळींना फार. गडद वरचा थर, गवताची मुळं, झालं! रंग मात्र ओल्या मातीचाच बघितलेला असतो. मॉलिसॉल ठरवणाऱ्या या मॉलिक थराला ओला आणि कोरडा दोन्ही रंग गडद लागतात, सेंद्रिय कर्ब किमान ०.६ टक्के लागतो आणि जाडीची अट वेगळीच. भरपूर चरलेल्या, उन्हात तापलेल्या माळाची माती कोरडी झाली की फिकी पडते आणि तिथेच बाद होते. महाराष्ट्रात मॉलिसॉल नाहीतच असं नाही. सातपुड्यात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर झिओलाइट हे खनिज असलेल्या बेसॉल्टवर, जंगलाखाली ते नोंदलेले आहेत. पण ते वेगळं रान आहे. रंग मोबाइलच्या फोटोवरून ठरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. सावलीत उभं राहून पुस्तिका धरायची, एक ढेकूळ कोरडं, एक ओलं.

पांढरं दिसलं की चुनखडी

मुरमातले पांढरे ठिपके म्हणजे बऱ्याचदा झिओलाइट. लाव्हारसातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत ते भरलेले असतात. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: फसफसलं नाही तर चुनखडी नाही. फसफसलं तरी हुरळू नका, कारण त्याच पोकळ्यांत कॅल्साइटही असतो. मातीत तयार झालेली चुनखडी मुळांच्या वाटांवर, ढेकळांच्या पृष्ठभागावर, मऊ भुकटीच्या किंवा खडबडीत गोळ्यांच्या रूपात सापडते. कॅल्साइटचा स्फटिक भिंगाखाली सपाट, चकाकत्या बाजूंचा दिसतो. साधं भिंग खिशात ठेवायला काय जातं?

याच जातीची दुसरी फसगत म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधला लाल बोल. खड्ड्यात विटेसारखा लाल पट्टा दिसला की कोणीतरी "चिकणमाती साचलेला थर, अल्फिसॉल" म्हणून उडी मारतं. तो थर आजच्या मातीचा नाहीच, लाव्ह्याच्या काळातला आहे.

खड्यांचं प्रमाण वजनावर मोजणं

स्केलेटल (दगडगोट्यांनी भरलेली) म्हणायला ३५ टक्के दगडगोटे आकारमानाने लागतात. वजनाने अर्धे खडे निघाले म्हणून लोक स्केलेटल लिहून मोकळे होतात. बेसॉल्टची घनता २.८ च्या आसपास, मोकळ्या मातीची साधारण १.३. म्हणजे निम्म्या वजनाचे खडे आकारमानाने एक तृतीयांशाच्याही थोडे खालीच भरतात. मी घमेलंभर माती २ मिमीच्या चाळणीने चाळतो आणि वरचे खडे पाण्याने काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडून सांडलेलं पाणी मोजतो. बोटांनी चुरडणारे मुरमाचे तुकडे दगडात धरायचे नाहीत, ते आधी फोडायचे.

पोत बघतानाही आधी चाळायचं. खड्यांसकट माती मळून वळी करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना सगळीकडे वाळूच लागते.

बाकीच्या, थोडक्यात

सलग समतल चराच्या भरावावर खड्डा घेऊ नका, ती उलटी पडलेली माती आहे. वारुळाजवळही नको.

मेंढरांचा वाडा बसलेल्या जागेवरून सेंद्रिय कर्बाचा नमुना घेतला तर आकडा मेंढरांचा येतो, माळाचा नाही. आधी विचारा, यंदा वाडा कुठे बसला होता.

रस्त्याच्या कापाची उघडी कड फुकटात मिळाली म्हणून वाचायची असेल तर निदान हातभर आत खरवडून ताजी करा.

तापमान-वर्ग मागच्या अहवालातून उतरवताना आयसोहायपरथर्मिक आणि हायपरथर्मिक यांतला फरक तपासा. दोन्हीत मातीचं वार्षिक सरासरी तापमान २२ अंश किंवा जास्त. उन्हाळा-हिवाळ्याच्या सरासरीतलं अंतर ६ अंशांच्या आत असेल तरच "आयसो".

आणि जमिनीच्या क्षमतेचा वर्ग सहावा किंवा सातवा आला म्हणून शेऱ्यात "पडीक, निरुपयोगी" लिहू नका. त्या वर्गाचा अर्थ नांगर घालू नका एवढाच आहे, गवत तिथे पिढ्यान्‌पिढ्या उभं आहे. हा शेरा वाचूनच पुढे कोणीतरी तिथे रोपांचे खड्डे पाडतो.

पिशवीवर नुसता मार्करने नंबर टाकू नका, उन्हात आणि घासण्यात तो जातो. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा. खड्डा त्याच दिवशी बुजवा, मुरूम आधी खाली, काळी माती वर. रात्री मेंढरू पडून पाय मोडला तर त्या गावात पुढचा खड्डा तुम्हाला कोणी घेऊ देणार नाही.