मुंबईत नवीन आलात ना? एक दिवस घारापुरीला द्या, फक्त सोमवार सोडून

परभणी, नांदेड, बीडकडची पोरं-पोरी नोकरीला म्हणून आमच्या डोंबिवलीत येतच असतात. चौघांत एक खोली, मेसचा डबा, सकाळची लोकल. सहा महिन्यांनी विचारावं, मुंबई काय पाहिली, तर मरीन ड्राइव्ह आणि एखादा मॉल. मॉलमध्ये एका संध्याकाळी हजार रुपये सहज जातात, पण घारापुरीचं, म्हणजे समुद्रातल्या एलिफंटा बेटावरच्या लेण्यांचं नाव काढलं की म्हणतात, "ताई, ते आपल्याला नाही परवडायचं." परवडतं. लोकलचा पास आहेच, डबा घरून घेतला तर माणशी पाचशेच्या आत सगळं बसतं. गावाकडे पैसे पाठवायचे म्हणून स्वतःवर पाचशे रुपये खर्चायला जीव कचरतो, हे मला ठाऊक आहे. तरी जा. या शहरात नुसतं कामापुरतं राहिलात तर दहा वर्षांनीही परकेच राहाल.

आता सोमवारचं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. दादरच्या दुकानांत, सलूनमध्ये काम करणाऱ्या कितीतरी जणांची सुट्टी नेमकी सोमवारी, आणि गावाहून आई-वडील आले की फिरवायचा दिवसही तोच. आमच्या शेजारच्या एका पोराने असंच केलं. जिंतूरहून आलेल्या म्हाताऱ्या आई-वडिलांना पहाटे उठवून गेटवे ऑफ इंडियाला नेलं, बेटाच्या बोटी तिथूनच सुटतात. तिथे एका एजंटाने "ही पण तिकडेच जाते" म्हणत तिघांना बंदरातल्या फेरीच्या बोटीत बसवलं. अर्ध्या तासात बोट होती तिथेच परत. लेणी बंद, पैसे गेलेले, आणि रात्री गावाकडच्या देवगिरी एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांना पुन्हा मुंबईला आणणं त्याला अजून जमलेलं नाही. म्हणून हात जोडून सांगते, सोमवारी जाऊ नका. साहेबांकडे सुट्टी बदलून मागा, महिनाभर थांबा, पण सोमवारी नको. आणि तिकीट खिडकीवरच घ्या, "घारापुरी, एलिफंटा" असं स्पष्ट बोलून. रस्त्यात अडवून तिकीट देणाऱ्याशी बोलूसुद्धा नका.

शनिवार मिळाला तर उत्तम. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉकचं, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल बंद ठेवतात त्याचं, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा आणि ब्लॉक सुरू व्हायच्या आत सीएसएमटी गाठा. तिथून गेटवे पायी अर्ध्या तासाच्या आत येतं. रस्ता कुणालाही विचारा. मुंबईचा माणूस चालता चालता सांगेल, थांबणार नाही, पण सांगेल बरोबर. तो उर्मटपणा नव्हे, त्याला गाडी पकडायची असते.

पहिली बोट नऊच्या सुमारास निघते. तीच धरा. जायला साधारण तास लागतो. बोटीचं तिकीट जाऊन-येऊन असतं आणि अडीचशे-तीनशेच्या आसपास बसतं. ते चतकोर कागद परतताना दाखवावे लागतात, तेव्हा एकाच्याच पाकिटात सगळ्यांचे ठेवा. वरच्या मजल्यावर बसायचे दहा-वीस रुपये वेगळे मागतात. हवेसाठी द्यायला हरकत नाही.

लाइफ जॅकेट अंगावर घाला, मांडीवर ठेवू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरच्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली. आपल्यातल्या बहुतेकांना विहिरीतलं पोहणं येतं. समुद्रात त्या पोहण्याच्या भरवशावर राहू नका. जॅकेट कमी पडत असतील तर त्या बोटीत चढूच नका, मागून दुसरी येतेच. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यांत बरे.

बेटावर वाळूचा किनारा नाही, खाजण आणि चिखल आहे. आंघोळीचे कपडे नेऊ नका.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण चालतच जा. ग्रामपंचायतीचा किरकोळ कर, लेण्यांचं तिकीट चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. मग सुमारे १२० पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, दर मात्र बसण्याआधी ठरवा. माकडं हातातली बाटली आणि प्लास्टिकची पिशवी बघूनच येतात. डबा सॅकच्या आत, चेन लावून ठेवा.

पायऱ्यांवर बायका काकडी, कैरी, बोरं, ताक विकतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर ही तीन गावं याच बेटावर आहेत आणि २०१८ साली समुद्राखालून केबल टाकली तेव्हा कुठे तिथे कायमची वीज आली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर, बस. दहा रुपयांच्या काकडीवर दोन रुपये सोडवून घेणारी आपलीच गावाकडची माणसं पाहिली की मला राग येतो. बांधावरची काकडी आपणही विकलेली असते.

आधी मोठं लेणं, क्रमांक एक. ज्यांनी वेरूळचं एकोणतिसावं, धुमार लेणं पाहिलंय त्यांना आत शिरताच ओळख पटेल, मांडणी तशीच आहे. हे काम साधारण सहाव्या शतकातलं. ज्याला सगळे त्रिमूर्ती म्हणतात तो सदाशिव आहे, एकाच शिवाचे तीन चेहरे, ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हे. मधला शांत, आपल्या डाव्या हाताचा उग्र अघोर, उजव्या हाताचा कोमल वामदेव. मूर्ती सुमारे अठरा फूट उंच. अंधाराला डोळे सरावेपर्यंत तिथे उभे राहा, मोबाइल खिशात ठेवा. मग भिंतींवरची बाकी शिल्पं: अर्धनारीश्वर, गंगा झेलणारा गंगाधर, कल्याणसुंदर म्हणजे शिवपार्वतीचं लग्न, अंधकासुरवध, आणि कैलास हलवणारा रावण. पोर्तुगीजांनी मूर्तींवर गोळ्या झाडल्याचं सांगतात. हातपाय तुटलेले दिसतात, तरी चेहरे बघावेत असे आहेत. एक तास तरी इथेच घालवा. बाकीची लेणी दहा मिनिटांत होतात. वर तोफांच्या टेकडीवर ऊन फार असेल तर जाऊ नका.

ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव पडलं तो बेटावर शोधू नका. तो भायखळ्याला, राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी आहे.

पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही आणि शेवटची बोट साडेपाचच्या आसपास सुटते. तिच्या भरवशावर राहू नका, तिला रेटारेटी असते. साडेतीनची पकडा. पाचपर्यंत सीएसएमटीला पोचाल आणि गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे डोंबिवलीपर्यंत बसायला जागा मिळेल.