ख्रिस्ती धर्मातला नरक आणि सैतान: समजून घ्यायचं तर वाचन कुठून सुरू करावं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉन्व्हेंट शाळांतल्या पोरांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच: सैतान म्हणजे ख्रिस्ती लोकांचा यम का? मोबाइलवर शोधलंत तर हातात त्रिशूळ घेऊन पाप्यांना भाजणारा सैतान दिसेल. तसला सैतान बायबलमध्ये कुठंच नाही. म्हणून आधी मूळ वाचा, व्हिडिओ नंतर.

एक मराठी बायबल आणि एक वही घ्या. शाळा कन्नड माध्यमाची असेल तर कन्नड बायबलही चालेल. अध्याय आणि ओव्यांचे आकडे बहुतेक ठिकाणी जुळतात. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: बायबलमध्ये काय आहे, चर्च काय शिकवतं, लोक काय सांगतात. सगळा घोटाळा होतो तो हे तीन रकाने एकमेकांत मिसळल्यामुळे.

सुरुवात प्रकटीकरणापासून करू नका. ते शेवटचं पुस्तक दृष्टान्तांनी भरलेलं आहे. नवखा वाचक प्रत्येक चित्र जसंच्या तसं खरं धरतो आणि घाबरतो. आधी लूक 16:19–31 (म्हणजे लूक या पुस्तकाचा 16वा अध्याय, ओव्या 19 ते 31) सावकाश वाचा. श्रीमंताच्या दाराशी लाजर पडलेला, कुत्री येऊन त्याचे फोड चाटतायत. मेल्यावर तोच श्रीमंत ज्वाळेत तळमळतो आणि लाजरानं बोटाचं टोक पाण्यात बुडवून आपली जीभ थंड करावी, एवढंच मागतो. आता पुन्हा वाचून बघा: या अख्ख्या गोष्टीत सैतान आहे का? नाही. दोष आहे तो दारातल्या माणसाकडं न पाहण्याचा. मत्तय 25:31–46 मध्येही न्याय होतो तो भुकेल्याला जेवण दिलं का, तुरुंगातल्याला भेटलात का, यावर. तिथंच 41व्या ओवीत म्हटलंय की तो अग्नी सैतान आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेला आहे. म्हणजे तो नरकाचा मालक नव्हे, शिक्षा भोगणारा. यमाशी तुलना इथंच फसते: यम धर्मराज, न्याय करणारा, ख्रिस्ती मतात न्याय देवाचा, सैतान आरोपी.

मग मार्क 9:43–48. इथल्या न विझणाऱ्या आगीमागं खरी जागा आहे: जेरुसलेमच्या दक्षिणेची हिन्नोमची दरी. तिथं पूर्वी लेकरांना अग्नीत बळी देत (2 राजे 23:10). त्या दरीच्या नावावरूनच येशूच्या तोंडी नरकासाठी गेहेन्ना हा शब्द आला.

सैतानासाठी आधी ईयोब 1 आणि 2 वाचा, मग मत्तय 4:1–11. ईयोबात तो देवापुढं हजर होतो आणि परवानगीशिवाय काही करू शकत नाही. त्यानंतरच प्रकटीकरण 12 आणि 20 उघडा. शिंगं नि शेपूट असलेला अजगर तिथं भेटतो, आणि एदेनमधला, म्हणजे आदाम-हव्वेच्या बागेतला, साप म्हणजे सैतान हेही तिथूनच पक्कं होतं. उत्पत्ती 3 मध्ये सापाला सैतान म्हटलेलं नाही. यशया 14 मधल्या ‘आकाशातून पडलेल्या’ ताऱ्याची ओवी हमखास सैतानाची म्हणून सांगतात. चौथी ओवी बघा, ते गीत बाबेलच्या राजावर आहे. सैतानाशी त्याचा संबंध पुढं जोडला गेला.

दुसऱ्या रकान्यासाठी माणसांनाच विचारा. कॅथलिक फादर सांगतील की देवापासून स्वतःहून कायमचं तुटणं म्हणजे नरक, आणि शुद्धीस्थान, म्हणजे मेल्यावर स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होणं, ही वेगळी अवस्था. अमुक माणूस नरकात गेला, असं चर्चनं कुणाचंही नाव घेऊन आजवर जाहीर केलेलं नाही. प्रोटेस्टंट पाळक शुद्धीस्थान मानणार नाहीत. काही पंथ, उदाहरणार्थ सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट, म्हणतात की दुष्टांचा अखेर नाश होतो, अनंत छळ नाही. उत्तरं जुळली नाहीत तर गोंधळू नका. कोण म्हणालं ते वहीत लिहा.

विचारायला मिस्सा किंवा उपासना संपल्यावर जा, आधी त्यांची घाई असते. ‘नरक असतो का?’ असं मोघम विचारलंत की ठरावीक उत्तर मिळतं. ओवी दाखवून विचारा: ‘फादर, मत्तय 10:28 मध्ये आत्म्याचा नाश म्हटलंय, मग छळ अनंत कसा?’ आणि वाचताना झोप उडायला लागली तर प्रकटीकरण मिटा, दिवसा वाचा, घरातल्या मोठ्यांना सांगा. तुम्ही अमक्या धर्माचे म्हणून नरकात जाणार, असं कुणी धमकावून सांगत असेल तर तिथून उठून या.