आज्ञा-ओळीवरून लोगुरू बसवणे आणि पूर्णपणे काढून टाकणे

प्रोग्राम चालू असताना आत काय घडते याची नोंद ठेवणारे लॉगिंग हे मॉड्यूल पायथनमध्ये २.३ या आवृत्तीपासून मुळातच असते; ते वेगळे बसवावे लागत नाही. तरीही पिप या पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला ‘पिप इन्स्टॉल लॉगिंग’ अशी आज्ञा दिली, तर पायपीआय या भांडारातून त्याच नावाचे पायथन २ च्या काळातले पॅकेज उतरते आणि पायथन ३ वर ते बसतानाच त्रुटी येते. कमी जुळवाजुळवीत सुबक नोंदी हव्या असतील, तर लोगुरू ही स्वतंत्र लायब्ररी बसवावी. खाली आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पायथन -एम व्हेन्व एन्व्ह’ या आज्ञेने आभासी वातावरण, म्हणजे या प्रकल्पाची पॅकेजे वेगळी ठेवणारे ‘एन्व्ह’ नावाचे फोल्डर, तयार करावे. लिनक्स आणि मॅकवर ते ‘सोर्स एन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट’ने सुरू होते, तर विंडोजवर हीच ॲक्टिव्हेट फाइल ‘स्क्रिप्ट्स’ या उपफोल्डरात असते. ही पायरी गाळू नये, कारण डेबियन १२ सारख्या प्रणालींवर पिप मुळात प्रणालीच्या पायथनमध्ये काही बसवूच देत नाही, आणि जिथे बसवू देतो तिथे प्रणालीच्या स्वतःच्या साधनांना धक्का लागण्याची शक्यता राहते.

यानंतर ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल लोगुरू’ ही आज्ञा द्यावी. नुसते पिप लिहिण्यापेक्षा हे लांब रूप मला नेहमीच अधिक भरवशाचे वाटते, कारण संगणकावर दोन-तीन पायथन असले तरी ज्याने प्रोग्राम चालणार आहे त्यातच लायब्ररी बसते. ठरावीक आवृत्ती हवी असल्यास नावापुढे दोन बरोबरचिन्हे आणि आवृत्तीचा क्रमांक लिहावा. बसवणे झाल्यावर ‘पायथन -एम पिप शो लोगुरू’ने आवृत्ती आणि जागा तपासावी.

काढून टाकण्याची सुरुवात मात्र पिपपासून करू नये. आधी कोड तपासावा. लिनक्स आणि मॅकवर ‘ग्रेप -आरएन लोगुरू’ या फाइलींमध्ये शब्द शोधणाऱ्या आज्ञेने, अर्थात एन्व्ह फोल्डर सोडून प्रकल्पाच्या स्वतःच्या कोडापुरता, शोध घेऊन प्रत्येक उल्लेख बदलावा. मुळातल्या लॉगिंगकडे परतताना दोन फरकांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. लोगुरू संदेशातील रिकाम्या जागा महिरपी कंसांनी भरते, तर लॉगिंग टक्केचिन्हांनी. हा बदल राहून गेल्यास प्रोग्राम थांबत नाही, पण नोंदीच्या जागी त्रुटीचा मजकूर छापला जातो आणि मूळ नोंद हरवते. दुसरे असे की, लोगुरू सुरुवातीपासून डीबग या बारीकसारीक तपशिलांच्या पातळीच्याही नोंदी दाखवते, तर लॉगिंग वॉर्निंग, म्हणजे इशारा, या पातळीच्या खालचे काहीच दाखवत नाही. त्यामुळे पातळी स्वतः ठरवून दिली नाही, तर माहितीपर नोंदी बंद पडल्यासारख्या वाटतात.

आता ‘पायथन -एम पिप अनइन्स्टॉल लोगुरू’ ही आज्ञा द्यावी. पिप काढल्या जाणाऱ्या फाइलींची यादी दाखवून होकार मागतो. ही यादी वाचूनच वाय दाबावे. लोगुरू बसवलेलीच नाही असा इशारा आला, तर बहुधा आभासी वातावरण सुरू केलेले नसते.

पिप केवळ नाव दिलेले पॅकेज काढतो, त्याच्यासोबत आलेली पॅकेजे तशीच ठेवतो. विंडोजवर लोगुरूबरोबर कलरामा आणि विन३२-सेटसीटाइम येतात. कलरामा मात्र क्लिक आणि पायटेस्ट या इतर पॅकेजांनाही लागते, म्हणून ती काढण्याआधी ‘पिप शो कलरामा’मधील रिक्वायर्ड-बाय, म्हणजे ती कोणाला लागते, ही ओळ पाहावी आणि ती रिकामी असेल तरच पुढे जावे. शेवटी ‘पिप चेक’ चालवल्यास एखाद्या पॅकेजला लागणारे दुसरे पॅकेज नाहीसे झाले आहे का, ते कळते.

प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेल्या रिक्वायरमेंट्स फाइलमधील लोगुरूची ओळ हातानेच पुसावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी त्या फाइलवरून सर्व पॅकेजे बसवताना ती परत येईल. लोगुरूने लिहिलेल्या लॉग फाइलींनाही पिप हात लावत नाही. त्या जपायच्या की पुसायच्या, हे त्यांतील नोंदींची पुढे गरज आहे का ते पाहून ठरवावे.